चौथी टिकली

६ जानेवारी, सोमवार

सुमे, तू हे वाचायला घेशील आणि चौथ्या ओळीवर विसरशील की सांगणारी कोण. म्हणून आधीच सांगून ठेवते. मी तुझी थोरली बहीण. हैदराबादला असते. जिवंत आहे. मागच्या दिवाळीत तू माझ्याकडं आठ दिवस राहिलीस आणि जाताना माझी चप्पल घालून गेलीस. तुझी इथंच दारात पडलीय. तुझा पाय लहान, माझा मोठा, तरी तुला गाडीत बसेपर्यंत कळलं नाही.

रोजनिशी माझी आहे, माझ्यापुरती. पण मला वाचता येत नाही, तेव्हा वाचायला कुणीतरी लागणारच. तू सातवी पास. महिना भरला की छापून नांदेडला पाठवीन.

सांगणार मी, टाइप करणार माझी नात प्रज्ञा. तिचे आईबाप दिवसभर नोकरीवर, घरात आम्ही दोघी. ती घरूनच कंपनीचं काम करते, दुपारी जेवण झालं की अर्धा तास माझा. स्वतःचं नाव ती 'प्र.' एवढंच लिहिणार म्हणे, बोटं वाचतात. लिही बाई. पंचवीस वर्षं तुला हाक मारताना माझा श्वास कुणी वाचवला नाही.

७ जाने., मंगळवार

प्र. लिहिते कशावर ते आज जवळ बसून बघितलं. काळा पडदा, त्यावर पांढरी-हिरवी अक्षरं. चित्र नाही, बाण नाही, काही नाही. तिच्या ऑफिसातली बाकीची पोरं तयार प्रोग्राम वापरतात. हिचा एडिटर कोरा मिळतो आणि ज्यानं त्यानं आपल्या हाताच्या मापानं घडवून घ्यायचा असतो. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं ते हीच ठरवते. पाच वर्षं घडवतेय.

"पुरा कधी होणार?" म्हणलं.

"तो पुरा होत नसतो, आजी."

मागचा अख्खा रविवार अक्षरांचा रंग बदलण्यात गेला. ही नुसती चूलच सारवत बसलीय, भाकरी कधी टाकणार देव जाणे. (हे तिनं लिहिलंय. तोंड वाकडं करून, पण लिहिलंय.)

एक मात्र मला पटलं. तारखेवर जाऊन एक बटण दाबलं की तिच्याखालचं सगळं आत जातं, नुसती तारीख वर राहते. परत दाबलं की उलगडतं. कपाटातल्या लुगड्यांसारखं. काठ तेवढा दिसतो, कुठलं लुगडं ते कळतं.

९ जाने., गुरुवार

आज पाण्याची पाळी. आमच्याकडं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, खालच्या हौदात. तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. हे काम यादम्माचं. ती आमच्या बिल्डिंगची वॉचमन. कागदावर नवरा मल्लेश आहे, पण तो दिवसा दुसरीकडं ड्युटीला जातो, तेव्हा वॉचमन हीच. जिन्याखालच्या खोलीत राहतात तिघं. पोरगी श्रावणी दहावीला.

आज टाकी परत वाहिली. पाणी ओघळतं ते चौथ्या मजल्याच्या भिंतीवरून, आणि ती भिंत नेमकी बिल्डिंगच्या सेक्रेटरींची. निवृत्त इंजिनियर माणूस. हातात भिंतीचा पोपडा घेऊन खाली आले.

"ये देखो यादम्मा. आटा नै है ये, दीवार है मेरी."

संध्याकाळी नोटीस लागली. प्र.नं वाचून दाखवली. दोन फेब्रुवारी, रविवार, मीटिंग. विषय : टाकीला आपोआप बंद होणारं यंत्र बसवणे. वॉचमनऐवजी एजन्सीचा गार्ड ठेवणे.

म्हणजे जिन्याखालची खोली रिकामी करणे. तेवढं लिहिलं नव्हतं. पोरीची परीक्षा मार्चात आहे, तेही नोटिशीत नव्हतं.

१० जाने., शुक्रवार

सकाळपासून डोक्यात तेच. यादम्मा विसराळू नाही. पाचव्या घरची चावी, तिसऱ्याच्या दुधाच्या पिशव्या, कुणाचं पार्सल, सगळं ध्यानात. मग टाकीच बरी विसरते?

माझा विचार असा. आमच्या मलकपेठचा करंट कधी जास्त, कधी कमी. मोटर एक दिवस जोरात ओढते, एक दिवस रडत रडत. मग टाकी कधी पाऊण तासात भरणार, कधी अर्ध्याच. तिनं कसं ओळखावं? दोष करंटचा, बोलणी तिला.

प्र.ला सांगितलं. ती म्हणाली, "असेलही. पण मीटिंगमध्ये असं बोलून चालत नाही, आजी. नोंद पाहिजे. रोजची, वेळेसकट."

"मी दिवसभर गॅलरीतच असते. मोटर माझ्या पायाखाली, टाकीचं पाणी माझ्या डोळ्यासमोर पडतं. माझ्याएवढी नोंद कुणाकडं आहे? फक्त लिहिता येत नाही."

पोरगी उठली. मग माळ्यावरून एक जुना कीबोर्ड काढला, वायर नसलेला. तासभर काळ्या पडद्यात काहीतरी विणत होती. मग म्हणाली, "तुझ्या टिकल्यांचं पाकीट दे."

आता कीबोर्डावर चार टिकल्या आहेत. मोठी लाल : मोटर चालू झाली. काळी : बंद झाली. खड्याची : टाकी वाहिली. मी नुसतं बोट ठेवायचं, आत तारीख आणि वेळ आपोआप तक्त्यात पडते. आणि तो तक्ता याच पानात, माझ्या बोलण्याच्या खाली.

चौथी टिकली हिरवी. ती चहाची. ही प्र.ची अट. डॉक्टरनं मला दिवसाला दोनच कप सांगितलेत, साखर वाढलीय. "प्रत्येक चहाला दाबायची, नाहीतर बाकीच्या तीन काढून घेईन."

अर्धा कप धरायचा का विचारलं. धरायचा म्हणे.

हिरव्या टिकलीला रंग माझ्या पसंतीचा दिला असता, विचारलं असतं तर.

११ जाने., शनिवार

पहिलाच दिवस. सकाळी कीबोर्डावर धूळ दिसली म्हणून ओल्या फडक्यानं पुसला. प्र. आतून ओरडत आली. तक्त्याप्रमाणं आठ मिनिटांत मोटर सतरा वेळा चालू झाली, टाकी नऊ वेळा वाहिली आणि मी चौदा चहा प्याले.

"वाढीव साखरेचं कारण सापडलं," म्हणाली. तिला हे माझ्याकडून आलंय.

सगळं पुसून परत सुरू. दुपारी मोटर लागली, लाल दाबली. चहा, हिरवी. टाकी वाहिली, खड्याची. मोटर बंद, काळी. एकही चूक नाही. जामबागच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवलीय मी, तास संपला की टोल, एक मिनिट इकडं नाही तिकडं नाही. मास्तरांची घड्याळं माझ्या घंटेवर लागायची. शाळेत एवढी वर्षं काढून अक्षर कसं आलं नाही, असं तू मला एकदा विचारलं होतंस. अगं, घंटा वाजवणारी वर्गात बसली तर तास कोण संपवणार?

१३ जाने., सोमवार

लाल, हिरवी, खड्याची, काळी.

आज वाहिली. यादम्मा माझ्याचजवळ होती. पहिली धार अंगणात पडायचा अवकाश, कप ठेवून पळाली. पन्नाशी जवळ आली असेल तिची, पण पाय बघावेत. असल्या बाईला आळशी म्हणतात.

१५ जाने., बुधवार

काल संक्रांत. वरचे लोक दिवसभर गच्चीवर पतंगात. आज यादम्मा जिने धूत होती, दोऱ्यांचे गुंतवळ आणि उसाची चिपाडं, वर आलीच नाही. वाट बघून उशिरा एकटीनं चहा. टाकी वाहिली नाही.

करंट बरा असावा.

१७ जाने., शुक्रवार

यादम्माला तुझ्या वरातीची गोष्ट लावलीय. लावलीय म्हणजे आज दुसरा भाग झाला. बैलगाड्या चुकीच्या वळणाला लागल्या आणि भलत्याच गावात तुमची आरती झाली, इथवर आणलंय. ती हसून हसून गॅलरीच्या गजाला धरून बसली.

"फिर क्या हुआ अव्वा? वो गाँव का दुल्हा किधर गया?"

अव्वा म्हणते मला, आजीला इकडं तसंच म्हणतात. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू पुरती येत नाही, दोघींची दखनी मोडकी. पण गोष्ट कळते. गोष्ट कळायला तेवढी पुरते.

नवऱ्यामुलाच्या मामाचं बोलणं सांगत होते तेवढ्यात धार पडली. खड्याची टिकली.

वरून सेक्रेटरींचा आवाज.

१९ जाने., रविवार

विहारात गेले होते वंदनेला, नंतर तिथंच जेवण. टिकल्यांची पाळी प्र.वर सोपवून. आल्यावर तिनं सांगितलं, वाहिली नाही.

रविवारी कारखाने बंद, करंट भरपूर. बघ, जुळतंय.

२१ जाने., मंगळवार

वाहिली. मामाचं बोलणं आज पुरं झालं.

प्र. दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडद्यावर स्वतःचं पान दाखवत होती. कुणीतरी विचारलं, हे काळं काय आहे, सिनेमातल्या चोरांसारखं? मी गॅलरीतून ऐकलं. तिनं पण ऐकवलं. "सर, तुम्ही तक्ता एका जागी ठेवता, गणित दुसरीकडं, चित्र तिसरीकडं, आणि का केलं ते कुठंच नाही. माझ्याकडं चारही एका पानावर." नंतर मला म्हणाली, ऑफिसचा प्रोग्राम वापर असं त्यांचं म्हणणं आहे. वापरणार का विचारलं. "दुसऱ्याच्या चपलेत चालता येतं का?" म्हणाली.

सुमे, तुझं नाव मी घेतलं नाही.

२३ जाने., गुरुवार

साखरेच्या डॉक्टरकडं. तीन तास. तक्ता दाखवला त्याला, हिरव्या टिकल्यांचा. खूश झाला. दुसरा कप उशिरा घेता का, म्हणाला. हो म्हणलं, साडेतीन-पावणेचार, मैत्रीण येते.

घरी प्र.नं नोंद ठेवली. टाकी वाहिली नाही.

२५ जाने., शनिवार

वाहिली. सेक्रेटरी खाली आले नाहीत, ओरडलेही नाहीत. नुसता फोटो काढला ओल्या भिंतीचा. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२७ जाने., सोमवार

काल प्र.नं नामपल्लीला नुमाइश, म्हणजे इथलं मोठं प्रदर्शन, बघायला नेलं. एवढी गर्दी. लखनवी कुर्ते बघितले, घेतलं लोणचं. पाय असे सुजले की आज दुपारभर आतच पडून. प्र. गॅलरीत बसून काम करत होती, टिकल्या तिनंच दाबल्या. वाहिली नाही.

चहा संध्याकाळी सहाला, फुळकवणी.

२८ जाने., मंगळवार

आज प्र.नं सुट्टी टाकली. "मीटिंग पाच दिवसांवर आली. चल, विचारू या."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. तिचं काम असं चालतं : वर एक ओळ लिहायची, म्हणजे प्रश्न. दोन बोटं दाबायची. लगेच खाली उत्तर. उत्तरावरून दुसरा प्रश्न. पानावर सगळं राहतं, विचारलेलं पण आणि मिळालेलं पण. माणसाशी बोलल्यासारखं, फक्त हे रुसत नाही.

म्हणलं, आधी माझं विचार. टाकी भरायला कधी किती वेळ लागला?

विचारलं. ज्या दिवशी वाहिली त्या दिवसांचे आकडे खाली आले. चाळीस मिनिटं. एकेचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस.

"परत विचार."

"परत तेच येणार, आजी. करंट कमीजास्त झालाच नाही. टाकी रोज साधारण चाळीस मिनिटांत भरते."

मोठा करंट माझा. पंधरा दिवस डोक्यात फिरत होता, दोन बोटांत गेला.

मग तिनं तिचं विचारलं. मोटर कधी किती वेळ चालली? चार दिवस सदतीस-अडतीस मिनिटं, म्हणजे यादम्मानं भरायच्या आधीच बंद केली, न चुकता. आणि पाच दिवस बेचाळीस-त्रेचाळीस.

"म्हणजे चार दिवस तिला बरोबर आठवलं," प्र. म्हणाली. "पाच दिवस नाही. त्या पाच दिवसांत वेगळं काय होतं?"

मी म्हणलं, वार बघ. बघितले. शनिवार, सोमवार, शुक्रवार, सगळी खिचडी. म्हणलं, पाणी उशिरा आलं असेल. तेही बघितलं. नाही.

मग ती थांबली. बोटं बटणांवर, पण दाबेना. माझ्याकडं बघितलं नाही.

"आजी, चौथी टिकली पण जोडून बघू?"

"चहाचा काय संबंध?"

"नसेल. बघून तर घेऊ."

दाबलं. खाली चित्र आलं. मला अक्षर येत नाही, ठिपके येतात. नऊ दिवसांच्या नऊ आडव्या रेघा. प्रत्येकीवर लाल ठिपका, मोटर लागली. पाच रेघांवर लालच्या पाठोपाठ, पाचसात मिनिटांत, हिरवा. आणि त्याच पाच रेघांवर पुढं निळा, टाकी वाहिली. बाकीच्या चार रेघांवर हिरवा कुठंतरी लांब पडलेला, आणि निळा नाहीच.

मी ते बोटानं मोजलं. खालून वर, वरून खाली.

मोटर लावून ती वर येते. मी चहा टाकते, गोष्ट काढते. मोटर पायाखाली घुरघुरत असते, आणि दोघींपैकी एकीलाही ऐकू येत नाही.

प्र. म्हणाली, "नऊच दिवस आहेत, आजी. एवढ्यावरून छातीठोक नाही बोलता येत."

म्हणलं, ते सेक्रेटरीच्या भिंतीला सांग.

२९ जाने., बुधवार

काल पुढं काही सांगितलं नाही. जेवण मात्र नीट केलं, उगाच तुला काळजी नको.

सकाळी प्र.ला विचारलं, चहाची रांग आत घालता येते का, त्या तारखांसारखी. घडी.

"येते. एक बटण."

"मग मीटिंगमध्ये कुणाला दिसणार नाही."

"नाही दिसणार. पण मग पानावर एवढंच उरेल की पाच दिवस यादम्मा विसरली. कारण काहीच नाही."

म्हणजे मला वाचवायला गेलं की तिच्यावर येतं. मी अर्धा तास तुरीची डाळ निवडली. निवडलेलीच होती. मग म्हणलं, राहू दे उघडी.

दुपारी पाणी आलं. मोटर लागली, आणि पाच मिनिटांत यादम्मा दारात. मी चहा टाकला नव्हता. तिला बसवलं आणि सांगितलं. टिकल्या, ठिपके, पाचच्या पाच दिवस. म्हणलं, माझ्यामुळं झालं. मीच तुला धरून ठेवते.

ती काही दचकली नाही.

"हौ अव्वा. मालूम है मेरे कू."

"क्या मालूम है?"

"टाइम हो गया बोल के मालूम पड़ताच ना. मन में घंटी बजती. पन तुम बात में रहते."

"तो उठ के जाना ना! मैं क्या पकड़ के रखी थी?"

"आधी बात पे कैसा उठना अव्वा? बुरा दिखता. मेरी बात में सब लोगाँ उठ के जाते. लिफ्ट आई, चले गए. फोन आया, चले गए. मैं नै उठती किसी की बात में."

सुमे, मी तीस वर्षं घंटा वाजवून मास्तरांची वाक्यं अर्ध्यात तोडलीत. पोरं दप्तरं उचलून पळायची. मी त्यात कधी काही वावगं बघितलं नाही, वेळ म्हणजे वेळ. आणि ही बाई त्या मामाच्या बोलण्यासाठी आपली खोली घालवायला बसली होती. तेही मामाचं बोलणं. त्यात काही दम नाही, तुलाही माहीत आहे.

म्हणलं, जा आता, मोटर बघ.

"आज बात नै?"

"जा म्हणते ना!"

मराठीतच ओरडले. गेली. टाकी वाहिली नाही. चहा एकटीनं घेतला, हिरवी दाबली. गोड लागला नाही, आणि साखर तेवढीच होती.

३१ जाने., शुक्रवार

पाणी आलं. यादम्मा वर आली नाही. मी बोलावलं नाही. वाहिली नाही.

असं बघायला गेलं तर सगळं सुटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मीटिंग. सकाळी अकरा, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या. यादम्मा खांबाला टेकून उभी, मल्लेश आज ड्युटी बुडवून आलेला, इस्त्रीचा शर्ट. प्र.नं लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि मला म्हणाली, तू बोल, मी दाखवते.

उभी राहिले. दखनीत बोलले, माझी जशी आहे तशी. चार टिकल्या सांगितल्या. मग म्हणलं, ये हरे ठिपके देखो, ये मेरी चाय है. उसके पीछे नीला देखो. गलती उसकी नै, मेरी है. मैं उसकू बिठा के रखती थी.

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "अम्मा, आप अच्छे हैं, पर ड्यूटी तो ड्यूटी है ना? चाय कोई भी पिलाए." बरोबर बोलली. मला राग आला, पण बरोबर बोलली.

सेक्रेटरी खुर्ची पुढं ओढून लॅपटॉपपाशी आले. चष्मा वर, चष्मा खाली. "ये रिकॉर्ड किसने किया?"

"मैंने."

"आपको तो लिखना नहीं आता अम्मागारू."

"दबाना आता."

ते बघत राहिले. इंजिनियर माणूस, ठिपके बघून भिंत विसरला. प्र.ला विचारलं, हे कशात केलं, नेहमीच्या तक्त्याच्या प्रोग्राममध्ये का नाही केलं?

तिथंच संपलं. पोरगी सुरू झाली. एडिटर कोरा कसा मिळतो, तो आपल्या हातासारखा कसा करायचा, प्रश्न आणि उत्तर एका पानावर कसं राहतं, चार टिकल्यांसाठी तिनं किती ओळी लिहिल्या आणि त्या किती सुंदर आहेत. घड्या घालून दाखवल्या, उलगडून दाखवल्या. सेक्रेटरींनी एक विचारलं की ही चार सांगायची. मधून उठणं कुणाला जमेना. पाऊण तास गेला. एकाचा कुकर राहिला होता गॅसवर, दुसऱ्याकडं पाहुणे येऊन बसले होते. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची बाईच म्हणाली, भूक लागली, पुढच्या मीटिंगला बघू.

माणसं बसवून ठेवणं रक्तातच आहे, दुसरं काय.

ठरलं ते एवढंच : दोन मार्चपर्यंत थांबायचं. नोंद चालू ठेवायची, चारही टिकल्यांची. एकदा जरी वाहिली तरी यंत्र आणि एजन्सी. नाही वाहिली तर विचार करू, हे सेक्रेटरींचे शब्द. विचार करू म्हणजे हो नाही. प्र. म्हणते, नाही पण नाही. मार्चात परीक्षा सुरू व्हायच्या आधीच ती तारीख येते. यादम्मानं बोटांवर मोजून बघितलं, माझ्यासमोर.

४ फेब्रु., मंगळवार

सकाळी एजन्सीचा माणूस येऊन गेलाच. टेप लावून जिन्याखालची खोली मोजली. श्रावणी आत अभ्यासाला बसली होती, तिला पाय वर घ्यायला सांगून मोजली. सेक्रेटरी म्हणाले, नुसतं माप घेतलंय अम्मा, मापाला काय होतं. भिंतीचा पोपडा मात्र त्यांनी जपून ठेवलाय, कागदात गुंडाळून.

दुपारी पाणी. मोटर लागली, लाल दाबली. मग कीबोर्ड काखेत मारला, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि जिना उतरून खाली गेले. मोटरीच्या दारातच खुर्ची टाकली. प्र. वरून ओरडली, आजी, तिथून सिग्नल येईल का? तिनं काहीतरी बदललं, चार ओळी अजून घातल्या, आता येतो.

यादम्मा पायरीवर बसली. आवाज असला की ओरडूनच बोलावं लागतं, गोष्ट सांगतेय की भांडतेय कळत नाही. येणारे जाणारे थांबून बघतात. पण मोटर कानाला सोडत नाही, ते बरं आहे.

गोष्ट अशी रंगात आली होती, तिचे डोळे माझ्या तोंडावर, आणि मी स्वतःच म्हणलं, "उठ. अडतीस हो गए."

ती उठेना. "बात तो पूरी करो अव्वा."

"उठ गं बाई!"

उठली. खटका खाली केला. काळी टिकली. मग परत पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, हाँ, बोलो. मोटर बंद, सगळं शांत, आणि बोलायला आता कितीही वेळ. हे आधी सुचलं नाही दोघींना.

गच्चीकडं बघितलं. भिंत कोरडी. आज तरी. महिन्यातली ही दुसरी पाळी, अजून बाराएक आहेत.

चहा खाली नेता येत नाही, जिन्यात सांडतो. तिथं बसून खायला कोरडं पाहिजे. तेव्हा सुमे, बाजरीच्या खारोड्या कर, ऊन चांगलं आहे तोवर वाळतील. तीळ घाल. लसूण घाल. तिखट सढळ हातानं घाल, इकडच्या माणसांना आपलं तिखट म्हणजे गूळ वाटतो. सोबत भाजके शेंगदाणे, सालासकट. दोन डबे भरून पाठव. आणि एक लहान पुडी वेगळी बांध, चौथ्या मजल्यासाठी.